उघडे न्यायालय, बंद दप्तर

न्यायदान उघडपणे व्हावे हे तत्त्व आपण मान्य केले. दप्तराच्या दारापाशी मात्र ते अडखळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ मद्यधुंद चालकास पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत, पुढील गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद वा दंड सांगते. ही चढती शिक्षा अर्थातच पहिल्या निकालाची नोंद सापडण्यावर अवलंबून आहे. ई-न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने वा कायद्यान्वये खटला विनामूल्य शोधता येतो. परंतु आधी न्यायालय निवडावे लागते. चौदा तालुक्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात कोपरगावचा निकाल जामखेडच्या माणसाने कसा हुडकावा? गाडीमालकाजवळ वकील असतो. उसाच्या गाडीमागे चालताना चिरडल्या गेलेल्या मजुराच्या विधवेला नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी कागदपत्रांच्या नकला हव्या असतात, आणि खेटे तिलाच घालावे लागतात. कोणाची नाचक्की करावी म्हणून ही मागणी नाही. गरिबांना मोफत साहाय्य देण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्याने एका खिडकीवर सर्व तालुक्यांतील नोंदींचा शोध करून द्यावा आणि नकलेचा अर्जही तेथेच लिहून घ्यावा. एवढे झाले तरी त्या विधवेची निम्मी पायपीट वाचेल.