मजकूर आणि हुकूम यांची गल्लत

संपादक महाशय,


आपल्या गेल्या अंकातील संगणक-सुरक्षेवरील लेखात, बाहेरून येणारी प्रत्येक माहिती व्हॅलिडेशनच्या चाळणीतून काटेकोरपणे गाळून घेतली म्हणजे डेटाबेसला धोका उरत नाही, असे जे प्रतिपादन केले आहे, ते वाचून, इतरांनी लिहिलेला कोड तपासण्यातच बारा वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्यास स्वस्थ बसवेना. व्हॅलिडेशन निरुपयोगी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही; वयाच्या रकान्यात अक्षरे किंवा जन्मतारखेत बत्तिसावा दिवस येऊ नये, याची तजवीज झालीच पाहिजे, आणि ब्राउझरमधील तपासणी कोणालाही सहज चुकविता येत असल्यामुळे ती सर्व्हरवर झाली पाहिजे. परंतु एसक्यूएल इंजेक्शन या दोषाचे निदानच लेखकाने चुकीचे केले आहे.

अर्जदाराने भरलेला मजकूर आणि दप्तराने काढलेला हुकूम एकाच वाक्यात सांधले गेले, की त्यातील मजकूर कोठे संपला व हुकूम कोठे सुरू झाला हे ओळखण्याचे साधन डेटाबेसपाशी राहत नाही. दोषाचे मूळ येथे आहे, एखाद्या दुष्ट अक्षरात नाही. १९९८ च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या नियतकालिकात या हल्ल्याचे जाहीर वर्णन प्रथम आले, तेव्हापासून त्यावरचा उपायही लपलेला नाही : क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यावयाचा हुकूम, आधी स्वतंत्रपणे सिद्ध करावी आणि मूल्ये पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवावीत.

एका संस्थेची नोंदणीप्रणाली माझ्याकडे तपासणीस आली होती. वसई आणि गोवा येथील कितीतरी डिसोझा व डिसिल्वा कुटुंबे रोमन लिपीत आपले आडनाव लिहिताना ‘डी’ या अक्षरानंतर एकेरी अवतरणचिन्ह देतात. या प्रणालीने ते चिन्हच निषिद्ध ठरविले होते, त्यामुळे या मंडळींना स्वतःचे नाव स्वतःच्याच अर्जात धड लिहिता येत नव्हते. त्याच प्रणालीच्या शोधपानावर मात्र अर्जाचा अनुक्रमांक, तो अंक आहे याची खातरजमा न करता, ‘व्हेअर आयडी =’ यापुढे जसाच्या तसा चिकटविलेला होता. अंकाभोवती अवतरणचिन्हे नसतातच; तेव्हा ‘१ ऑर १=१’ एवढे लिहिणाऱ्यास त्या निषिद्ध चिन्हाची गरजच पडत नव्हती, आणि एका अर्जाऐवजी सर्वांचे अर्ज त्याच्यापुढे उघडे पडत होते. प्रामाणिक माणसाची अडवणूक आणि चोरास मोकळी वाट, असा हा नियम होता.

माझ्या शेऱ्यानंतर ते चिन्ह स्वीकारले जाऊ लागले व नोंदणीची क्वेरीही सुधारली गेली. पण रात्री अहवाल तयार करणारा कोड, डेटाबेसमधून काढलेले नाव ‘आपल्याच घरचे’ म्हणून निर्धास्तपणे दुसऱ्या क्वेरीत जोडीत होता. नाव टेबलात जाऊन आले म्हणून त्याचा कर्ता बदलत नाही. म्हणूनच मी तपासणी फॉर्मपासून सुरू करीत नाही. क्वेरी जेथे चालते तेथे उभा राहून तिच्यातील प्रत्येक तुकडा कोठून आला याचा माग उलट काढीत जातो.

ओळी कोणत्या स्तंभाच्या क्रमाने लावाव्यात हे वापरकर्ता ठरवीत असेल, तर त्या स्तंभाचे नाव पॅरामीटर म्हणून पाठविता येत नाही, हे मी मान्य करतो. तेथे परवानगी दिलेल्या नावांची यादी आणि तिच्याशी रुजवात हाच उपाय, आणि तेवढ्यापुरता लेखकाचा आग्रह रास्त आहे. पॅरामीटरची सोय केली म्हणजे कर्तव्य संपले, असेही नव्हे : २०१४ च्या ऑक्टोबरात संकेतस्थळे उभारण्याच्या द्रुपल ७ या प्रणालीत जो दोष उघडकीस आला, तो क्वेरी सुरक्षित करण्यासाठीच रचलेल्या थरात होता, कारण मूल्यांच्या यादीतील कळा (कीज), ज्या बाहेरून येऊ शकत होत्या, त्या थेट क्वेरीच्या मजकुरात उतरत होत्या. त्या महिन्याच्या १५ तारखेस दुरुस्ती जाहीर झाली; तिच्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी ती बसविली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ हल्लेखोराच्या हाती गेले आहे असेच समजावे, असा इशारा खुद्द द्रुपलच्या सुरक्षा-मंडळाने दोन आठवड्यांनी दिला.

त्या लेखात नमुन्यादाखल दिलेले, अवतरणचिन्हे पुसून टाकणारे फंक्शन अनेक विद्यार्थी आपापल्या प्रकल्पांत तसेच्या तसे उतरवून घेतील. पुढील अंकात त्याच जागी पॅरामीटर असलेली क्वेरी छापावी, अशी आपणास विनंती आहे.

आपला,
एक कोड-परीक्षक, पुणे