'आपोआप कुजतो' म्हणजे नेमकं कुठे?

सुट्टीत गावी गेलं की एक ठरलेलं असतं. इंजिनिअरिंगचा पोरगा आलाय म्हणजे त्याला सगळं माहीत असणार! या वेळी काका मला थेट शेतावर घेऊन गेले. कलिंगड निघून कितीतरी महिने झाले होते, मल्चिंग पेपरही ओढून काढला होता, तरी नांगरटीत काळ्या-चंदेरी चिंध्या वर येत होत्या. "दुकानदार म्हणाला होता, हा पेपर आपोआप कुजतो. तू तेच शिकतोस ना? मग का नाही कुजला?" मी गप्प! आणि पॉलिमरच्या पेपरला मला डिस्टिंक्शन आहे बरं का.

मल्चिंगला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तण कमी होतं, ओल टिकते, फळ मातीला लागत नाही. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या नाहीतर जुन्नरकडचा टोमॅटो, पेपर सगळीकडे दिसतो. अडचण येते ती पेपर काढताना. २५-३० मायक्रॉनचं पॉलिइथिलीन उन्हानं ठिसूळ होतं आणि ओढलं की फाटतं. माती चिकटलेली असल्यानं भंगारवालाही तोंड फिरवतो. मग ते बांधावर जळतं किंवा जमिनीतच राहतं. चीनमध्ये शिंच्यांगच्या कापसाच्या शेतांत वर्षानुवर्षं हेच झालं. तिथे याला 'पांढरं प्रदूषण' असं नावच पडलं!

मग कुजणारं प्लास्टिक नाहीच का? आहे ना! पण 'कुजणारं' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे 'ऑक्सो' प्लास्टिक. साध्या पॉलिइथिलीनमध्ये धातूंचे क्षार घातले की त्याचे लवकर तुकडे पडतात. तुकडे पडले, कुजलं नाही! युरोपियन युनियननं २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे. दुसरं पीएलए, मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनणारं. ऐकायला छान वाटतं, पण ते नीट कुजायला कारखान्यातल्या कंपोस्टसारखं ५५-६० अंश तापमान लागतं. आपल्या शेतातली माती काही इतकी तापून राहत नाही. तिसरं पीबीएटी. हे बहुतेक वेळा खनिज तेलापासूनच बनतं, पण मातीतले जीवाणू-बुरशी ते खरोखर खातात. २०१८ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातल्या कार्बनला खूण लावून तो थेट सूक्ष्मजीवांच्या शरीरापर्यंत शोधला. म्हणजे गंमत बघा, झाडापासून बनलेलं शेतात सहज कुजत नाही आणि तेलापासून बनलेलं कुजतं!

त्याही पुढची पायरी म्हणजे पिकाला पोसणारं प्लास्टिक. २०२१ मध्ये टोकियोतल्या संशोधकांनी ग्लुकोजपासून मिळणाऱ्या आयसोसॉर्बाइडचं पॉलिकार्बोनेट घेऊन त्यावर अमोनियाच्या पाण्याची प्रक्रिया केली. ९० अंशाला सहा तासांत ते पूर्ण तुटलं आणि त्यातून युरिया मिळाला. त्या मिश्रणावर त्यांनी मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप वाढवूनही दाखवलं. हे अजून प्रयोगशाळेतलं काम आहे, पण दिशा पटते. काम संपल्यावर वस्तूनं जमिनीला काहीतरी परत द्यावं.

माझं मत स्पष्ट आहे. कुठे, किती तापमानाला आणि किती दिवसांत, हे सांगितल्याशिवाय 'विघटनशील' हा शब्द पेपरच्या रोलवर छापूच देऊ नये. युरोपच्या ईएन १७०३३ या २०१८ च्या मानकात हे लिहिलेलं आहे: मातीत, २० ते २८ अंशाला, दोन वर्षांत किमान ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. मातीत कुजणारा पेपर महाग पडतो, हे मान्य. पण साधा पेपर वेचायची मजुरी आणि जमिनीचं नुकसान कोण मोजतं? मल्चिंगला अनुदान मिळतंच, तर मातीत खरोखर कुजणाऱ्या पेपरला ते जास्त का नसावं?

आणि थोडं आपल्याबद्दल. लॅबमध्ये आपण फिल्म ताणून ती किती ताकदीला तुटते ते बघतो, जर्नल लिहितो, सबमिशन संपलं! ती मातीत पुरून दर महिन्याला वजन कोण करतं? वजनकाटा, जाळीच्या पिशव्या आणि कोणाच्या तरी शेताचा एक कोपरा, एवढ्यावर चांगला फायनल इयर प्रोजेक्ट होईल. नुसती वजनातली घट म्हणजे कुजणं नव्हे, हे खरं, पण सुरुवात तर होईल.

होस्टेलवर परतल्यावर काकांना फोन केला. म्हटलं, "पुढच्या वेळी दुकानदाराला विचारा, मातीत कुजतो का आणि किती दिवसांत? आणि उत्तर बिलावर लिहून घ्या." काका हसले, "एवढं आधी सांगितलं असतंस तर!"

त्यांचं काय चुकलं?