मस्साजोगचा न्याय आणि कोठडीतली काठी

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष छळ करून त्यांना ठार मारण्यात आले. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, एवढाच त्यांचा अपराध, असे गुन्हे अन्वेषण विभागाचे आरोपपत्र सांगते. मार्च २०२५ च्या आरंभी त्या छळाची छायाचित्रे बाहेर आली तेव्हा महाराष्ट्र सुन्न झाला. मारणारे हसत होते, हे त्या छायाचित्रांतले सर्वांत भयंकर सत्य होते.

शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला दांडगाईची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. परळी मतदारसंघातल्या या गावात २० नोव्हेंबर २०२४ रोजी, ऐन मतदानाच्या दिवशी, मतदानयंत्रे फोडली गेली होती. त्यानंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी मस्साजोग घडले. साहजिकच रेल्वे स्थानकापासून पारापर्यंत संतापाची एकच भाषा ऐकू येऊ लागली: यांना न्यायालयात कशाला नेता, आधी ठाण्यात सोलून काढा. ही भाषा बोलणाऱ्यांत मोर्चात पुढे चालणारे पुरोगामी कार्यकर्तेही होते. त्यांचा संताप खोटा नव्हता. परंतु त्यांच्या मागणीची तपासणी होणे अगत्याचे आहे, कारण ज्या कृत्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले तेच कृत्य सरकारी गणवेशात व्हावे, अशी ती मागणी आहे.

मस्साजोगनंतर सहाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, त्यावरचा उद्रेक आणि त्यानंतरची धरपकड हा त्याचा पूर्वेतिहास. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले. मुख्यमंत्र्यांनी मात्र विधानसभेत मारहाण झाली नसल्याचे सांगितले. अखेर ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवण्याचा आदेश द्यावा लागला, आणि त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले ते ३० जुलैला हात हलवीत परतले. मस्साजोगसाठी निघालेल्या मोर्चातले कितीतरी लोक परभणीसाठीही चालले. एका मोर्चात काठीचा निषेध आणि दुसऱ्या मोर्चात काठीची मागणी, ही विसंगती त्यांना खटकली नसेल तर ती दाखवून देणे हे चळवळीचे काम आहे.

यावर व्यवहारी माणसाचे उत्तर ठरलेले असते. नीती वगैरे ठीक, पण मारल्याशिवाय गुन्हेगार बोलत नाही. तेव्हा नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून व्यवहाराचाच हिशेब मांडावा.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. पोलिसांनी आरोपी पकडले आणि कबुलीजबाब घेतले. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळ करून घेतले गेल्याचा निष्कर्ष न्यायालयाने काढला; वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतला मजकूर एकमेकांशी संशयास्पद जुळणारा होता. सरकारने अपील केले आणि हा निकाल इतर खटल्यांत पूर्वदाखला मानू नये असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हे खरे. पण हिशेब काय झाला तो पाहावा. बारा माणसांचे तारुण्य तुरुंगात गेले, त्यातला एक तर निकालापूर्वीच वारला; आणि ज्यांची माणसे त्या डब्यांत मेली त्यांना एकोणीस वर्षांनी खरे गुन्हेगार कोण याचे उत्तर मिळाले नाही. ज्याला कोठडीत ‘परिणामकारक तपास’ म्हणतात त्याची ही फलश्रुती. पुढे दहाच दिवसांनी मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा खटलाही आरोपींच्या मुक्ततेत संपला. तेथील आरोपी हिंदुत्ववादी होते, आणि कोठडीत छळ झाल्याचे आरोप त्यांनीही केले होते. ते आरोप करणाऱ्यांचे राजकारण नापसंत आहे म्हणून त्यांकडे काणाडोळा करण्याची मुभा समाजवाद्यांना नाही.

घाटनांदूरहून परळीमार्गे रेल्वेने परभणी गाठता येते. त्या परभणीचाच ख्वाजा युनूस हा तरुण संगणक अभियंता घाटकोपरच्या डिसेंबर २००२ च्या स्फोटाच्या संदर्भात पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये तो वाटेत पळून गेला असे पोलिसांनी सांगितले. तपासात ते कथानक बनावट ठरले. त्याचे प्रेत आजवर सापडलेले नाही. त्याच खटल्यातले इतर आरोपी २००५ मध्ये सुटले. म्हणजे एक माणूस गेला आणि हाती पुरावा म्हणून काहीच लागले नाही.

समाजवाद्यांना तर ही गोष्ट दुसऱ्यांच्या उदाहरणांवरून शिकण्याची गरज नाही. आणीबाणीत भूमिगत जॉर्ज फर्नांडिस यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी १ मे १९७६ रोजी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरला उचलण्यात आले आणि ते कायमचे अधू होईपर्यंत मारण्यात आले. जॉर्ज सापडले ते १० जूनला, कलकत्त्यात. बंगळूरच्या मारातून कलकत्त्याचा पत्ता काही निघाला नाही. त्याच दिवसांत अटक झालेल्या स्नेहलता रेड्डी या समाजवादी अभिनेत्रीला दम्याचा विकार असताना तुरुंगात ठेवले गेले; बडोदा डायनामाइट खटल्याच्या अंतिम आरोपपत्रात त्यांचे नावसुद्धा नव्हते. सुटकेनंतर काही दिवसांतच, २० जानेवारी १९७७ ला त्या वारल्या.

‘बॉम्ब फुटायला तासच उरला आहे आणि पकडलेल्याला जागा ठाऊक आहे, तेव्हा काय कराल?’ हा प्रश्न वादसभांत हमखास येतो. प्रश्न चतुर आहे, कारण त्यात उत्तर आधीच गृहीत धरलेले असते: पकडलेला माणूस खराच दोषी, त्याला माहिती खरीच ठाऊक, आणि तो बोलेल ते खरेच बोलेल. प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी मारणाऱ्याला ठाऊक नसतात. वेदना थांबावी म्हणून माणूस जे ऐकायचे असते तेच सांगतो. इब्न अल-शेख अल-लिबी नावाच्या कैद्याने छळाखाली इराक आणि अल-कायदा यांचा संबंध ‘कबूल’ केला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत त्या कबुलीचा आधार घेतला. पुढे त्या कैद्याने ती मागे घेतली. तोवर युद्ध होऊन गेले होते. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच दाखवून दिले होते की छळात बळकट गुन्हेगार तगतो आणि दुबळा निरपराध दोषी ठरतो. अडीच शतकांत या निरीक्षणात दुरुस्ती करण्याचे कारण घडलेले नाही.

मग ही पद्धत टिकते का? कारण ती स्वस्त पडते. न्यायवैद्यक प्रयोगशाळा उभारायला, साक्षीदार शोधायला, त्यांना संरक्षण द्यायला पैसा, माणसे आणि वेळ लागतो. काठीला काहीच लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर तपासाचा खर्च सरकारच्या तिजोरीतून काढून कोठडीतल्या माणसाच्या देहावर टाकला जातो. आणि तो देह कोणाचा असतो हेही ठरलेले आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाला शेतसाऱ्याच्या वसुलीसाठी रयतेला छळले जात असल्याचे आढळले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारधी जन्मतःच संशयित ठरला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण बीड जिल्ह्यात चोरी झाली की पहिली धाड अजूनही पारध्याच्या पालावरच पडते. वकील दारात उभा करू शकणाऱ्याच्या अंगाला सहसा हात लागत नाही. ‘गुन्हेगारांना सोलून काढा’ अशी मागणी करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की मस्साजोगसारख्या प्रकरणातल्या धनदांडग्यांवर ती काठी क्वचितच पडेल. ती ऊसतोड्याच्या आणि पारध्याच्याच पाठीवर पडत राहील.

कायद्याने ही वाट कागदावर बंद केलेली आहे. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. पण त्यात एक फट आहे: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग ग्राह्य. ‘मुद्देमाल हस्तगत’ होण्यापूर्वी ठाण्यात काय काय होते, ते या फटीत दडलेले असते. मोक्काची फट तर दरवाजाएवढी आहे. त्या कायद्याखाली पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा ठरते. मस्साजोगच्या आरोपींना मोक्का लागला आहे. म्हणूनच येथे सावधगिरी अधिक हवी. या प्रकरणात महाराष्ट्राला हलवले ते कोणा आरोपीच्या कबुलीने नव्हे. छायाचित्रांनी आणि चित्रफितींनी हलवले, आणि फोनमधला पुरावा काढायला कोणाचे तळवे फोडावे लागत नाहीत. उलट एकाही आरोपीच्या अंगावर वळ उमटले, तर त्याचा वकील तेच वळ न्यायालयात दाखवील आणि देशमुख कुटुंबाच्या हाती मुंबईच्या गाड्यांतल्या मृतांच्या नातलगांसारखी निराशा येईल.

भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक मे २०१० मध्ये लोकसभेत संमत झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि ते तेथेच विरले. विधी आयोगाने २०१७ मध्ये पुन्हा मसुदा दिला. दरम्यान या देशात काँग्रेसने राज्य केले आणि भाजपनेही केले. कोठडीतला माणूस हा कोणाचाच मतदारसंघ नव्हता.

घाटनांदूर-अंबाजोगाईच्या कार्यकर्त्यांना संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निकालाने अटकेची नोंद करणे, नातलगांना कळवणे आणि दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक केले आहे. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीसह, कॅमेरे बसवून चित्रण दीर्घकाळ जपण्याचा आदेश दिला. आपल्या तालुक्यातल्या ठाण्यांत ते कॅमेरे चालू आहेत का, चित्रण किती महिन्यांचे शिल्लक आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारण्यासाठी दहा रुपयांचा अर्ज पुरतो. आणि पारध्याच्या पालावरून रात्री कोणाला नेले तर दुसऱ्या दिवशी सकाळी दोघाचौघांनी ठाण्यात जाऊन अटकेचा पंचनामा पाहायला मागावा.