पित्त नावाची पळवाट

आमच्या घरात बारा वर्षं एकच निदान चाललं. छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तेही पित्तच. चिडून बोललो तर बायको म्हणायची, "पित्त खवळलंय." असा सर्वव्यापी आजार असल्यावर डॉक्टर हवा कशाला? कोपऱ्यावरचा औषधवाला मला पाहूनच पँटोप्राझोलची पट्टी काढायचा. "काका, तीच ना?" डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, असं त्याच पट्टीवर छापलेलं असतं. ते त्यानं कधी वाचलं नाही, मीही नाही.

खरं तर पित्त बनतं यकृतात, चरबी पचवायला. छाती जाळतं ते जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली की ते वर चढतं. रात्री साडेदहाला पंगत उठणार, अकराला आपण आडवे होणार आणि दोष द्यायचा मिसळीला! पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ द्या, ढेरी उतरवा. पण हे सगळं फुकट असल्यामुळे कुणालाच औषध वाटत नाही. थंड दुधाचंही कौतुक पुरे. घटकाभर बरं वाटतं, मग त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात.

अल्सरचं प्रकरण वेगळंच. ती जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या अस्तराला पडलेली जखम. ताणतणाव आणि तिखट हेच तिचे गुन्हेगार, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांना फारसं कुणी जुमानलं नाही. 1984 साली मार्शलनी चक्क तो जंतू पिऊन टाकला. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, दुर्बिणीतून जठराला आलेली सूज दिसली. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. आपण मात्र अजून आमसुलाच्या सारावर भिस्त ठेवून आहोत.

दुसरा गुन्हेगार वेदनाशामक गोळी. माझा गुडघा दुखायचा, म्हणून मी मनानंच डायक्लोफिनॅक घ्यायचो. अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स अशी गोळी कमी करते, हे गावीही नव्हतं. वर पँटोप्राझोल असायचंच, तेही जेवणानंतर. ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं, हे बारा वर्षांत मला ना औषधवाल्यानं सांगितलं, ना आमच्या डॉक्टरांनी. मीही विचारलं नाही. पहाटे तीनला पोटात कुरतडायचं, दोन बिस्किटं खाल्ली की थांबायचं. ही आतड्याच्या अल्सरची जुनी ओळख. मी मात्र तिला भूक समजत होतो.

एक दिवस शौच डांबरासारखं काळं झालं. हिमोग्लोबिन साडेसात. दुर्बिणीतून जखम दिसली, तपासायला काढलेल्या अस्तराच्या तुकड्यात जंतू सापडला. प्रतिजैविकं आणि आम्लरोधक मिळून चौदा दिवसांचा कोर्स झाला. नंतर जंतू गेला की नाही, हे पाहायला श्वासाची तपासणी. तिच्याआधी दोन आठवडे ती लाडकी गोळी बंद ठेवावी लागली, नाहीतर जंतू असूनही तपासणी खोटा दिलासा देते. बारा वर्षांच्या 'पित्ता'चा निकाल चौदा दिवसांत लागला! त्या गोळीवर माझा राग नाही, जखम भरायला तीच लागली. राग आहे तो कारण न शोधता तिचा नैवेद्य दाखवणाऱ्यांवर, माझ्यासकट.

आणि हो, छातीतलं दुखणं घाम घेऊन आलं, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, तर इनो ढवळत बसू नका, ईसीजी काढा. लोहाच्या गोळ्या चालू नसताना शौच काळं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. औषधवाल्याकडे नंतर जा, जुनी चिठ्ठी घेऊन नव्हे, नवी घेऊन.