भातखाचरातील मका व चवळी

भिवंडी तालुक्यात भाताची झोडणी झाली की पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात आणि वर्षाच्या वैरणीची चिंता मिटली, असे मानले जाते. दुभत्या म्हशीच्या बाबतीत हा समज महाग पडतो. भाताच्या पेंढ्यात प्रथिने शेकडा ३ ते ४ एवढीच असतात, आणि सिलिकेच्या अंशामुळे तो पचावयासही जड असतो. ही उणीव पेंडीने भरून काढावी लागते व दुधाच्या पैशाचा मोठा वाटा दुकानदाराकडे जातो. गोदामांच्या विस्तारामुळे चराऊ राने आकसत असता ही ओढाताण वाढणारच.

भातामागून ओलीवर वाल पेरण्याची येथील चाल उत्तम आहे. ती मोडू नये. परंतु तानसेकाठी वा विहिरीखाली जो तुकडा हिवाळ्यात भिजू शकतो, त्यात नुसता मका घेणे हे अर्धेच शहाणपण होय. मक्याच्या दोन ओळींनंतर चवळीची एक ओळ, ३० सेंटिमीटर अंतराने पेरावी. दहा गुंठ्यांस सुमारे ५ किलो मका व दीड किलो चवळी पुरते. चवळीच्या बियाण्यास रायझोबियम जीवाणूंचे संवर्धन चोळावे. मक्याच्या सुक्या अंशात प्रथिने शेकडा ८-९, तर चवळीत १६ च्या आसपास असतात. सुमारे ६० ते ६५ दिवसांनी, मक्याचे दाणे चिकात असता, दोन्ही एकदमच कापून कुट्टी करावी.

चवळी मक्यावर चढून कापणी अवघड होते, हा शेतकऱ्यांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. म्हणून फार पसरणारा वाण टाळावा. उलट, चवळी हवेतील नत्र घेते म्हणून मक्यास खतच नको, असे सांगणारे कार्यकर्ते शेतकऱ्याची दिशाभूल करतात. तो लाभ बहुतांशी मुळे कुजल्यावर, म्हणजे पुढील भातास मिळतो. मक्यास त्याचे खत द्यावेच लागते. तसेच जेथे पाण्याची शाश्वती नाही, तेथे हा प्रयोग गळी उतरवू नये. तेथे वालच बरा.

नुसती हिरवी चवळी भरपूर घातल्यास पोटफुगीचे भय असते. मक्याच्या मिश्रणाने ते पुष्कळ कमी होते. उन्हाळी पेरणीतून वैरण उरल्यास पावसापूर्वी मुरघास करावा. एकट्या चवळीत साखर कमी असल्याने तिचा मुरघास नासतो, मक्यासोबत दाबून भरल्यास टिकतो.