आज्ञांची यादी उघड असू द्या

टर्मिनलवर ‘गिट पुश’ लिहिले की ‘पुश’ या शब्दामागचा कोड शोधून तो चालवणे हे त्या टूलचे काम. पायथनमध्ये असे टूल लिहिणाऱ्यांपुढे हा शोध कसा घ्यायचा, असा प्रश्न असतो. ‘इफ-एलिफ’ची रांग सोपी, पण आज्ञा वाढतात तशी ती लांबत जाते. मग नावावरून फंक्शन हुडकण्याची युक्ती मोहात पाडते.

पायथनसोबतच येणाऱ्या ‘सीएमडी’ मॉड्यूलमध्ये हीच युक्ती आहे. वापरणाऱ्याने ‘सेव्ह’ लिहिले की ‘डू_सेव्ह’ नावाची मेथड आहे का, हे ऐनवेळी पाहिले जाते. ‘एचटीटीपी डॉट सर्व्हर’ही तसेच वागते: ब्राउझरची ‘गेट’ विनंती आली की ‘डू_गेट’ची शोधाशोध, आणि ती नसेल तर 501 हा एरर.

नवी आज्ञा हवी? एक मेथड लिहा, झाले. त्रास पुढे सुरू होतो. ‘डू_सेव्ह’ला हाक कुठून येते हे कोडमध्ये शोधून सापडत नाही, कारण ते पूर्ण नाव हाक मारणाऱ्या ओळीत लिहिलेलेच नसते. नव्या प्रोग्रामरने मेथडचे नाव बदलले, तर आज्ञा गुपचूप नाहीशी होते. शिवाय ‘डू_’ हे कुंपण आहे. ते काढून वापरणाऱ्याचा शब्द थेट मेथडचे नाव म्हणून वापरला, तर आतल्या कामासाठी ठेवलेली मेथडही बाहेरून चालवता येते.

दहा-पंधरा ठरलेल्या आज्ञांना साधी डिक्शनरी पुरते: एकीकडे आज्ञा, दुसरीकडे फंक्शन. ‘आर्गपार्स’ मॉड्यूलमध्ये प्रत्येक उपआज्ञेला तिचे फंक्शन जोडता येते, आर्मिन रोनाखर यांच्या ‘क्लिक’ लायब्ररीमध्ये फंक्शनच्या डोक्यावर डेकोरेटर बसतो. तिन्हींत नोंद डोळ्यांना दिसते.

जँगो या वेब फ्रेमवर्कची गोष्ट वेगळी. कोणते अ‍ॅप कोणती आज्ञा आणेल, हे जँगो लिहिणाऱ्यांना आधी कळणे शक्यच नाही. म्हणून अ‍ॅपच्या ‘मॅनेजमेंट’मधील ‘कमांड्स’ फोल्डरात फाइल ठेवली की तिचे नाव हीच आज्ञा होते. अगदी जँगोच्या स्वतःच्या आज्ञेचे नाव घेतले, तर अ‍ॅपमधली आज्ञा तिची जागा घेते. बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवायचे तर हा शोध हवाच, पण सापडले काय तेही दाखवायला हवे. जँगो ते दाखवतो: ‘मॅनेज डॉट पीवाय हेल्प’ लिहिले की साऱ्या आज्ञा अ‍ॅपनिहाय गटांत छापून येतात.