नेट नाही, म्हणून वेळही नाही?

नेट नसलेल्या लिनक्स मशीनचं घड्याळ चुकलं की आपण काय करतो? रूट होतो, मोबाईलकडे एक नजर टाकतो, 'डेट' कमांड मारतो आणि विषय संपला! माझ्या मते ही सवय वाईट आहे आणि लॅबमधून ती आधी गेली पाहिजे.

रबाळे एमआयडीसीत ट्रेनिंग केलेल्यांना ठाऊक असेल, टेस्ट बेंचचं मशीन सुरक्षेसाठी मुद्दाम नेटपासून तोडलेलं असतं. मी होतो त्या कारखान्यात एकदा लॉगमध्ये बिघाडाची वेळ निघाली ३ वाजून ४ मिनिटं. शिफ्ट बदलते ३ ला. बोलणी खाल्ली दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने. आणि मशीनचं घड्याळ होतं ६ मिनिटं पुढे! म्हणजे तो बिचारा तेव्हा कार्ड पंच करत असणार.

क्वार्ट्झमध्ये २० पीपीएम चूक असणं नेहमीचंच. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला जवळपास मिनिटभर. पण ही चूक बरीचशी एकाच चालीने होते, आणि जी चूक एका चालीने होते ती मोजता येते. 'डेट'ने काटा सरकतो, चाल तशीच राहते. शिवाय वेळ मागे गेली की 'मेक'ला भविष्यातल्या फाइली दिसतात आणि नको ते कंपाइल होतं किंवा हवं ते होत नाही.

यावर 'क्रोनी' आहे. कॉन्फिगमध्ये 'मॅन्युअल' ही ओळ आणि ड्रिफ्ट फाइलचा पत्ता द्या. मग 'क्रोनीसी'मध्ये 'सेटटाइम'ने खरी वेळ टाका. मशीन बंद न करता आठवड्याने पुन्हा टाका. दोन नोंदींवरून आपलं घड्याळ किती पळतं हे क्रोनी स्वतः काढतं आणि हळूहळू सावरून घेतं. एंटर दाबताना अर्धा सेकंद चुकलात तरी आठवडाभरात ती चूक १ पीपीएमच्या आतच. फक्त एसी लॅबमधलं मशीन उकाड्यात नेलंत तर चाल बदलते, तेव्हा पुन्हा मोजा.

लॅबमध्ये दहा मशीन असतील तर एकाला 'लोकल स्ट्रॅटम १०' आणि 'अलाऊ' द्या, बाकीची त्याच्याकडे बघतील. एकवेळ सगळ्यांची मिळून थोडी चुकलेली वेळ चालेल, दहा मशीनच्या दहा वेळा नकोत. (१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईकर कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागच्या 'बॉम्बे टाइम'लाच धरून होते. गोंधळ झाला तो दोन वेळा एकाच शहरात नांदल्या म्हणून!)

'कशाला एवढी कटकट?' असं होस्टेलवर हमखास ऐकू येतं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने कंपन्यांना आणि डेटा सेंटरना एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी घड्याळं जुळवायला सांगितलं, आणि लॉग १८० दिवस ठेवायलाही. उद्या नोकरीत हेच करायचं आहे. आणि तोडलेल्या मशीनचा लॉग पुरावा म्हणून कुणी मागितला, तर त्याची वेळ कुठून आली हे सांगावं लागेल. म्हणून सेटटाइम कधी, कुणी, कशावरून केलं, याची एक वही मशीनशेजारी ठेवा. आणि बंद केल्यावर दरवेळी जुनी तारीख दाखवणारी मशीन असतील, त्यांचे सीआर २०३२ सेल आधी बदलून घ्या.